गोधडीचा लिलाव

बेबीनंदाला ओळखत नाही असं गावात एकही घर नव्हतं, आणि तिच्या हातची गोधडी नाही असंही नव्हतं. तीर्थपुरीहून सात-आठ किलोमीटरवरचं गाव. लेकीचं बाळंतपण असो, लग्नाचं रुखवत असो, नाहीतर म्हातारीला थंडी वाजत असो, बोलावणं बेबीनंदालाच. घरचे लोक जुनी लुगडी, धोतरं, नातवंडांचे आखूड झालेले शर्ट काढून देत आणि ही ओसरीवर बसून टाके घाली. चाळीस वर्षं ओसरीवरच. स्वतः ती कुणाच्या घरात आत गेली नाही, पण तिनं शिवलेलं आत जात होतं, पार पलंगापर्यंत. एवढ्यावर ती समाधानी होती. माणसानं इतकं समाधानी असू नये, पुढं ठेच लागते.

तिची नात ज्योत्स्ना गावातल्याच शाळेत सहावीला होती. कागदावर शाळेत मुलींचा संडास होता. प्रत्यक्षात तीन भिंती होत्या, दार कुणीतरी जळणाला नेलेलं, आणि आत गाजरगवत कमरेएवढं. पोरी सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. ज्योत्स्ना एकदा पोट धरून रडत घरी आली, तेव्हा सून संध्यानं सरळ सांगून टाकलं, "मामी, जूनपासून मी पोरीला शाळेत न्हाई धाडणार. संडास झाला तर जाईल, न्हाईतर राहील घरी. मला रोज रोज हे न्हाई बघवत." संध्या वाईट बाई नव्हती. ती खरं बोलत होती, म्हणून तर ते बेबीनंदाला लागलं. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. तेव्हा कारणसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापक राधेश्याम सरांनी डिसेंबरात पालकांची सभा बोलावली. सरकारकडून मंजुरी येईल तेव्हा येईल, लोकवर्गणी करू म्हणाले. मग आयडियांचा पाऊस. एक म्हणाला लकी ड्रॉ काढू. पण मागच्या लकी ड्रॉचा कूलर शाळा समितीच्या अध्यक्षांच्याच मेव्हण्याला लागला होता, त्यामुळं सगळे हसले आणि तो विषय संपला. दुसरा म्हणाला आनंदनगरी भरवू, पोरं भेळ-वडापाव विकतील. त्यात खर्च जाऊन हातात राहतं काय, तर तेल लागलेले हात. कोपऱ्यात बसलेली बेबीनंदा उठली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सर, घराघरातून एक-एक कापड आणा. जुनं असलं तरी चालतं, धुतलेलं पायजे. कापडासंगं पन्नास रुपये. मी गावाची एकच गोधडी शिवते. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर तिचा लिलाव करा. मजुरी मला एक रुपया नको."

सरांना आयडिया इतकी आवडली की ती त्यांनी तालुक्याला स्वतःची म्हणून सांगितली. असो.

सहावीच्या पोरींनी गाव पिंजून काढलं. एकशे बारा घरं, एकशे बारा कापडं, त्यातली एकोणीस बेबीनंदाच्या बौद्ध वस्तीतली. शेजारीण उषाबाई जुनं म्हणून काही द्यायलाच तयार होईना. ठेवणीतली साडी तिनं पदराकडून कापून दिली. "गावाच्या गोधडीत जायचंय ना," म्हणाली, "मंग चांगलंच दिलं पायजे." बेबीनंदानं सगळी कापडं एका टोपल्यात कालवली आणि रंग बघून तुकडे लावले. कुणाशेजारी कोण बसलं याचा विचार तिनं केला नाही. खरं सांगायचं तर केला होता, आणि मुद्दाम कालवली होती. आपली सुई सगळ्यांना चालते तर आपलं कापडही चालेल, असा तिचा हिशेब. चाळीस वर्षं ज्यांच्या ओसरीवर बसली, त्यांच्याबद्दल एवढाही भरवसा धरू नये का बाईनं?

लिलाव जोरात झाला. दोन हजारांपासून बोली सुरू झाली. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यानं पंचवीसपर्यंत ताणली, आणि बद्रीनाथनं एकदम पस्तीस हजार पुकारले. माजी सरपंच, उसाचा बागायतदार, यंदा पुन्हा उभं राहायच्या बेतात. एक वार, दोन वार, तीन वार! बद्रीनाथनं गोधडी खांद्यावर घेतली, फोटो काढले, आणि माईकवर म्हणाला, "ही नुसती गोधडी न्हाई, हे आपलं गाव आहे!" टाळ्या पडल्या. बेबीनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्योत्स्ना तिच्या दंडाला बिलगून उभी होती.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथच्या गड्यानं निरोप आणला, जल्दी ये म्हणून.

बद्रीनाथची आई गिरिजाबाई ओसरीत खाटेवर बसली होती. गोधडी आत नव्हतीच. खालच्या पायरीवर ठेवलेली होती, जशी खताची रिकामी गोणी ठेवतात तशी. बद्रीनाथ खांबाला टेकून मोबाइल बघत होता.

"बेबे, काम सुरेख केलंस," गिरिजाबाई म्हणाली. "तुझ्या हाताला तोड न्हाई. पण मला सांग, यात तुमच्या वस्तीची किती?"

"एकोणीस, आक्का."

"तेवढी काढ. बाकी मला काही अडचण न्हाई. मी देवघराशेजारी झोपते, बाई. उगं मनात राहतं."

बेबीनंदा बद्रीनाथकडं बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"मावशी, मी हे काही मानत न्हाई, तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण म्हातारं माणूस आहे, घरात शांतता पायजे. तुम्ही बराबर करून आणा, त्याच दिवशी मी सरांकडं पस्तीस हजार पोचते करतो. बिलकुल कमी करणार न्हाई."

म्हणजे अजून दिले नव्हते. टाळ्या तेवढ्या वसूल झाल्या होत्या.

गिरिजाबाईनं भोकं बुजवायला दोन मीटर नवं निळं कापड दिलं आणि चहा पाजला. चहाचा कप वेगळा होता, तो खिडकीत पालथा असायचा. चाळीस वर्षं बेबीनंदा त्यातूनच चहा प्यायली होती. त्या दिवशी तिनं तो पहिल्यांदा नीट पाहिला.

घरी येताना तिच्या मनात सोपी गोष्ट आली होती. कुठला तुकडा कुणाचा, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? दुसऱ्याच कुणाचे एकोणीस काढले असते आणि ठेवले असते आपले तसेच, तर म्हातारीला सात जन्मांत कळलं नसतं. पण चोरासारखं त्यांच्या घरात शिरायचं? त्यापेक्षा नकोच. गोधडी परत फेकावी, तर जून समोर उभा होता आणि संध्याचा शब्दही. संडासाला दुसरा पैसा कुठून येणार होता? अशा वेळी अब्रू सांभाळा म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरात संडास असतो.

तिनं दार लावून घेतलं. काठ सैल झालाय, दुरुस्तीला आणली, असं उषाबाईला सांगितलं. घातलेला टाका काढायला घालण्याहून दुप्पट वेळ लागतो, कारण कापड फाटू द्यायचं नसतं. दोन दिवस ती एकोणीस घरं उसवत होती. उषाबाईचा पदर निघता निघेना, इतका पक्का शिवला होता. निघालेले तुकडे तिनं पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवले. त्या जागी निळं कापड लागलं. गिरिजाबाई म्हणाली, आधीपेक्षा उठाव आला.

बद्रीनाथनं पैसे दिले. शब्दाचा पक्का निघाला, हेही सांगितलं पाहिजे. मार्चअखेर संडास उभा राहिला, दार लोखंडी, आत नळ. बाहेर फरशीवर बद्रीनाथचं नाव कोरलं. ज्योत्स्ना डब्याबरोबर आता दोन बाटल्या पाणी नेऊ लागली आणि संध्यानं जूनचं नाव काढलं नाही. बेबीनंदाला वाटलं, झालं ते झालं, पोरगी शिकतेय ना.

पण वस्ती तिला सुखानं जगू देईना. रोज कुणीतरी कौतुक करी. विहिरीवर, दुकानात, कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना. उषाबाई तर येईल त्या पाहुण्याला सांगे, "माझा पदर गिरिजाबाई पांघरून झोपती. आमच्या सासूला त्या घरात पाणी वरून वाढायचे." बेबीनंदा हं म्हणायची आणि हातातलं काम जोरानं करायची.

चौदा एप्रिलला सकाळी विहारात पंचशील झालं आणि उषाबाईनं महिला मंडळातर्फे माईक घेतला. पांढऱ्या साड्यांनी विहार भरलेला, पोरी पुढच्या रांगेत. उषाबाईनं बेबीनंदाला बोलावून शाल घातली आणि म्हणाली, "जे कुणाला जमलं न्हाई ते हिच्या सुईनं केलं. आपलं कापड आज त्यांच्या घरात आहे." टाळ्या थांबेनात. मग माईक बेबीनंदाच्या हातात आला.

जय भीम म्हणून बसली असती तर निभावलं असतं. तिनं बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं आणि तिला ते जमलं नाही.

"आपलं कापड तिथं न्हाई," ती म्हणाली. "गिरिजाबाईनं काढायला लावलं. एकोणीसच्या एकोणीस. ते काढल्यावरच पैसे दिले. माझ्या पेटीत आहेत, ज्याचे त्यानं घेऊन जा."

 तिला वाटलं, आता लोक उठतील, बद्रीनाथच्या दारात जातील, निदान गिरिजाबाईला दोन शिव्या तरी देतील. उठलं कुणीच नाही. सगळे तिच्याकडंच बघत होते. उषाबाईनं विचारलं, अगदी हळू आवाजात, "काढले कुणी?"

"मी."

"तुझ्या हातानं?"

"माझ्याच हातानं."

 उषाबाई खाली उतरली, पुढच्या रांगेतून ज्योत्स्नाचा हात धरला, आणि पोरगी मागं न बघता तिच्यासोबत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. ज्योत्स्नानं दप्तर भरलं, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि वेळेवर निघाली. शाळा तिनं त्या वर्षी एकही दिवस चुकवली नाही. आजीशी मात्र ती बोलली नाही.