चादरीमागचा राजपुत्र

लालबागला आमच्या चाळीत गणपतीत आरती झाली की पटांगणात पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवायचे. पुढच्या खुर्च्या मोठ्यांनी अडवलेल्या असायच्या, म्हणून मी आमच्या गॅलरीतून चादरीच्या मागच्या बाजूने बघायचे. चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. अक्षरंही उलटी, पण मला इंग्रजी सुलटं तरी कुठे वाचता येत होतं.

एका वर्षी कॉम्प्युटरवर बनवलेला सिनेमा आणला. माणसांचे चेहरे मेणाचे, केस टोपीसारखे बसवलेले. मोठी माणसं हसली. मला मात्र ड्रॅगनच्या अंगावरचा एकेक खवला वेगळा चमकताना दिसला. आपणच बुरुजाभोवती गरकन फिरून त्याच्या जबड्यासमोर आलो असं वाटलं, तेव्हा मी कठडा घट्ट धरला. हल्लीच्या सिनेमात केस न् केस उडतो, पण हात कठडा शोधत नाही.

त्यातला राजपुत्र डाव्या हाताने तलवार चालवायचा. मी डावखुरी. प्रसादाला डावा हात पुढे केला की आई चापट मारायची. त्या सिनेमानंतर चापट खाताना मला रडू येईनासं झालं.

परवा लेकीला तोच सिनेमा लावून दिला, तर तलवार उजव्या हातात. आधी रागच आला, मग चादर आठवली. लेक बघत राहिली. मी टीव्हीकडे पाठ केली आणि कपाटाच्या आरशासमोर जाऊन बसले. तिथे तो अजून डावखुराच होता.