डाव्या तोंडाच्या गोगलगायी

मनकर्णाला दगडांचा नाद आहे, असं तिच्या सासरची माणसं म्हणत. नाद नव्हता तो, धसका होता. पण सुनेला धसका बसलाय म्हटलं की कशाचा ते विचारावं लागतं, आणि नाद म्हटलं की हसून मोकळं होता येतं. तेव्हा तलमडुगूच्या अलीकडल्या त्या गावात ती 'दगडवाली सून' म्हणूनच ठरून गेली.

तिचं माहेर मुधोळच्या बाजूला. वडिलांनी विहीर काढली तेव्हा ती परकराच्या वयाची होती. उन्हाळाभर सुरुंग लावून काळा खडक फोडत होते आणि एके दिवशी खडक एकदम संपला. खाली मऊ, राखेच्या रंगाची माती लागली आणि त्या मातीत गोगलगायी. अगदी खऱ्या, वेढ्यासकट, पण दगड झालेल्या. थोरला भाऊ दादाजी खाली खणत होता. तो निवडून निवडून चांगल्या गोगलगायी टोपल्यात टाकायचा आणि खालून ओरडायचा, "मने, हे घे वं, तुह्या भातुकलीले!" तिनं ओचा भरून घेतला. खालच्या मातीला पाझर सुटला होता आणि ती ओल्या कणकेसारखी सरकायला लागली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वरचा खडक अधांतरी राहिला, तडकला आणि दादाजीसकट खाली बसला. मनकर्णा काठावर उभी होती. ओच्यातली एकही गोगलगाय सांडली नव्हती, याचंच तिला पुढं जन्मभर वाईट वाटत राहिलं.

त्यातल्या थोड्या तिनं सासरी आणल्या, एका चंचीत घालून. कुणी विहीर काढली, कुठं पाया खणला, की ही उपसलेले दगड उलथेपालथे करून पाहायची. त्यातून तिला पारख आली. भोकाभोकांच्या जळक्या दगडाला लोक पोवळं म्हणत. तसला दगड काळ्या खडकात कुठंही निघतो, त्याचा काही अर्थ नाही. दुसरी फसवी वस्तू म्हणजे वेढ्यांची गारगोटी. लांबून पाहिली तर गोगलगायच वाटावी. पण वेढ्यावर नख ठेवून फिरवलं की ते फिरून जिथून निघालं तिथंच येतं, कारण ती नुसती एकात एक कडी असतात. गोगलगायीचा वेढा मिटत नाही. तो नखाला धरून थेट शेंड्यावर नेऊन सोडतो. आणखी एक खूण होती. शेतातल्या जिवंत गोगलगायीचा शेंडा वर ठेवून तोंड आपल्याकडं धरलं तर ते उजव्या हाताला येतं. या दगडाच्या गोगलगायींचं तोंड डाव्या हाताला. असं का, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिचं त्यावाचून अडलंही नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी, उद्धवरावांनी, कापसाच्या शेतात विहीर काढली. मनकर्णाचा नवरा अमृतराव आणि दोन गडी खाली खणत, धाकटा दीर चंपत वर टोपलं ओढायची यारी फिरवी. यारीचं टोपलं वर आलं की मनकर्णा भाकरीचं निमित्त करून तिथं हजर. चंपत चिडवायचा, "वयनी, हिरे निघाले का?" ती हसायची आणि दगड चाळायची. बरेच दिवस काळा खडक आणि गारगोट्याच निघाल्या. तिला रात्री झोप लागू लागली.

मग वैशाखातल्या एका सकाळी तिला शेतावर पोचायला उशीर झाला. पोचली तो काठावर माणसं जमलेली, लाल फडकं अंथरलेलं आणि फडक्यावर हळदकुंकू लावलेला, अंगठ्यापेक्षा मोठा दगडी शंख. शेजारी भोकाभोकांचा एक दगडही मांडला होता. देवळातली पूजा करणारे नागोराव पुढं बसले होते. त्यांनी शंख हातात घेतला. पूजेचा शंख धरतात तसा, शेंडा खाली करून; त्यामुळं डावं तोंड उजवीकडं आलं.

"पाहा, पाहा! उजव्या तोंडाचा हाय! लाखात एक मिळते असा. लक्षुमीचा शंख हाय हा, उद्धवराव. आन् संगं पोवळं बी. या जागी समुद्र देवानं ठेवला हाय. याच्या खालच्याच पान्यानं आज देवाचे पाय धुवाचे!"

उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. गडी हात जोडून उभे होते. मनकर्णानं उपसलेल्या ढिगाकडं पाहिलं. ढिगावर सगळ्यात वर राखेच्या रंगाची ओली माती होती.

ती नवऱ्याजवळ गेली आणि पदर पुढं ओढून म्हणाली, "आयका माझं. आता खाली उतरू नका. दादाजी गेला तवा हेच निंगालं होतं. हीच माती."

"तुह्या बाच्या विहिरीची गोष्ट इथं काऊन आनून राह्यली?" अमृतराव म्हणाला. तो मनाचा वाईट नव्हता, पण बापासमोर, चार माणसांत बायकोशी मऊ बोलायची त्या घरात रीत नव्हती. "तिथं हलगर्जी झाली आसंन."

उद्धवरावांनी ऐकलं. "शुभ वेळेले अभद्र बोलू नको, सूनबाई. जाय घरी."

ती घरी गेली नाही. बाभळीखाली सासू बसली होती, तिच्याकडं गेली. बयनाबाई म्हणजे सोवळ्याओवळ्याची तिखट बाई. बाहेर बसलेल्या बाईची सावली माठावर पडली तरी माठ पालथा करणारी. मनकर्णानं तिला दादाजीचं सगळं सांगितलं. ओच्याचंसुद्धा, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "आत्याबाई, तुमी सांगा त्याइले. तुमचं आयकतीन." बयनाबाई विहिरीकडं पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "बाया मानसाचं कोन आयकते विहिरीपाशी?"

तिकडं नारळ फुटला. "लक्षुमीमाता की जय" झाली. अमृतराव दोराला धरून खाली उतरला, पाठोपाठ गडी उतरले. पहारीचे आवाज येऊ लागले. पण खडकावर पहार बसते तसे खणखणीत नव्हते, भुसभुशीत होते. मनकर्णाला तो आवाज ओळखीचा होता.

सांगून झालं होतं, रडून काही होणार नव्हतं. विहिरीत उडी टाकावी तर टोपल्याला धरून तिलाच वर काढतील आणि पुन्हा उतरतील. माणसं वर यायला हवी होती, स्वतःहून, आणि आज पुन्हा न उतरण्यासाठी. एकच गोष्ट अशी होती की जिच्यापुढं उद्धवरावांचंही काही चालत नव्हतं आणि नागोरावांचंही. ती मनात आली तेव्हा तिला आधी लाजच वाटली. दीर समोर, सासरा समोर, गावातली परकी माणसं समोर.

ती सरळ चालत फडक्यापाशी गेली. नागोराव "आं, आं" करेस्तोवर तिनं शंख उचलला. निदान खात्री तरी हवी. गारगोटी निघाली तर फुकट अब्रू जाईल. तिनं वेढ्यावर नख ठेवलं. नख दोनदा सटकलं. तिसऱ्यांदा ते वेढ्यातून फिरलं, वर चढलं, आणखी एक फेरा घेतला आणि मिटलं नाही. शेंड्यावर जाऊन थांबलं. शेंडा वर, तोंड डाव्या हाताला.

"मले कावळा शिवला हाय," मनकर्णा मोठ्यानं म्हणाली. "कालपासून. मी शिवली याले."

यारी थांबली. चंपतनं मान खाली घातली. नागोराव मागं सरकले. उद्धवराव लालबुंद झाले. पण असल्या बाबतीत पुरुषांना काय कळणार? सगळ्यांच्या माना बाभळीकडं वळल्या. घरातली कुठली बाई केव्हा बाहेर बसली, हे बयनाबाईला ठाऊक असायचंच. आणि मनकर्णा डोक्यावरून न्हाऊन घरात आल्याला अजून आठवडाही उलटला नव्हता. तेव्हाचं पाणी बयनाबाईनंच तापवून दिलं होतं.

मनकर्णानं सासूकडं पाहिलं नाही. खालून भुसभुशीत आवाज येतच होता.

बयनाबाई उठली. कमरेवर हात ठेवून जवळ आली आणि कडाडली, "काऊन वं! सकाळीच तुले सांगतलं होतं ना, बाहीर बसली हायेस तं शेताकडं फिरकू नको मनून? डोये फुटले काय तुहे?" मग यारीकडं वळली. "चंप्या, पायते काय? वर घे सगळ्याइले! इटाळ झाला. गोमूत्र शिंपडल्याबिगर अन् न्हाल्याबिगर आज कोनी खाली जायाचं नाही."

माणसं वर आली. अमृतराव शेवटी आला, पायाला घोट्यापर्यंत राखी चिखल. बायकोकडं त्यानं असं पाहिलं की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सगळे ओढ्यावर आंघोळीला गेले. नागोराव गोमूत्र आणायला गावात गेले.

दिवस कलायच्या आत विहीर बसली. आवाज फार मोठा नव्हता, जमिनीतून आल्यासारखा घुमला. पूर्वेकडचा सगळा काळा खडक तुटून खाली गेला, त्याच्याबरोबर यारीचा एक पाय गेला. ओढ्यावरची माणसं ओल्या अंगानं धावत आली. धूळ खाली बसेपर्यंत गडी एकमेकांच्या अंगाला हात लावून पाहत होते.

आता तुम्हाला वाटेल, तिच्या पायांशी लोटांगण घातलं असेल. कुठलं! जीव वाचला की माणसाला वाचवणारा दिसत नाही, ओरडायला कोण सापडतं ते आधी दिसतं. "शंख बाटवला म्हणून विहीर बसली," नागोराव म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. तोंडाला येईल ते उद्धवरावांनी सुनेला ऐकवलं. मनकर्णा गोठ्याच्या कोपऱ्यात बसली होती, कारण आता बसणं भाग होतं. तिला त्यांचा रागही आला नाही. नवऱ्याचा खोकला अंगणातून ऐकू येत होता, तो ती ऐकत होती.

अंधार पडायच्या आधी बयनाबाई भाकरी घेऊन आली. बाहेर बसलेलीला वरून टाकतात तशी भाकरी टाकली. मग इकडं तिकडं पाहिलं, खाली वाकली आणि आपला खरबरीत हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. चांगला दाबून, थोडा वेळ ठेवला. मनकर्णाला तेव्हा रडू फुटलं. दारात बैलांची वैरण घेऊन अमृतराव उभा होता. तो तसाच मागं फिरला. त्यानं काय पाहिलं, ते तिला कळलं नाही.

पुढची वर्षं तशीच गेली. गावात कुणाच्या विहिरीचं पूजन असलं की घरातल्या सगळ्यांना बोलावणं यायचं, मनकर्णाला नाही. बायका हळदीकुंकवाला आल्या तरी हळूच विषय काढायच्या. अमृतराव कधी काही बोलला नाही. बयनाबाई वारली, तीही काही न बोलता.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात शेताच्या दुसऱ्या कडेला नवी विहीर काढली. मनकर्णा तिकडं जात नसे. जाऊ नये असंच ठरलेलं होतं. ती अंगणात जवारी पाखडत होती आणि कान शेताकडं लावून होती. एका दुपारी अमृतराव एकटाच आला. धोतराला माती लागलेली. मागून चंपत आणि गडी, आणि कुतूहलानं म्हातारे नागोरावही. अमृतरावानं मूठ उघडून तिच्या सुपात एक दगड ठेवला. पांढरा, वेढ्यांचा.

"हे निंगालं. सगळ्याइले वर घेतलं हाय. पाह्य अन् सांग. तू मनशीन तं उतरतो, नाही तं विहीर बुजवतो." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "जे आसंन तेच सांग. ह्या डाव तुले खोटं बोलाचं काम नाही."

मनकर्णाचे हात सुपावरच थांबले. म्हणजे गोठ्यात सासूनं डोक्यावर ठेवलेला हात ह्यानं पाहिला होता. तेव्हाच पाहिलं होतं! तिच्या अंगाचा भडका उडाला. "इतकी वर्सं ठाऊक होतं तुमाले? गाव मले थुकत होतं अन् तुमी गप बसले?"

"मी बोललो असतो तं माय खोटी पडली असती," तो म्हणाला. "अन् मले लाज वाटे. चुकलं माझं."

ती त्याला पुष्कळ बोलणार होती. पण दगड सुपात होता आणि माणसं उभी होती. तिनं तो उचलला आणि कपाळावर आठी घालून वेढ्यावर नख ठेवलं. मागच्या वेळी चुकली असती तर नुसती अब्रू गेली असती. आज हो म्हटलं आणि चुकली, तर दादाजीमागं नवरा आणि दीर जाणार होते, तिच्या शब्दावर. नख फिरलं. अर्ध्या वाटेवर वेढा अंधूक झाला. तिनं दगड घामानं ओल्या पदरानं पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फिरत फिरत नख जिथून निघालं होतं तिथंच आलं. आतल्या वेढ्यावर ठेवलं, तेही तिथंच आलं. तिनं आत जाऊन चंची आणली, दादाजीनं दिलेली गोगलगाय काढून शेजारी ठेवली आणि सगळ्यांसमोर दोन्ही पाहिल्या.

"गारगोटी व्हय," ती म्हणाली. मग मोठ्यानं परत म्हणाली, "गारगोटी हाय. उतरा."

माणसं निघाली. मनकर्णानं सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग शेताकडं निघाली. नागोराव पांदीच्या वाटेवरून बाजूला झाले आणि तिला पुढं जाऊ दिलं. ती नव्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली, आणि नवरा संध्याकाळी वर येईपर्यंत तिथून उठली नाही.