कानात सांगितलेला सिनेमा

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारणारा एक माणूस आहे, त्याला आम्ही सगळे जज म्हणतो. मी तिथे टेम्पो चालवतो, म्हणजे कपाटं आणि टेबलं लोकांच्या घरी पोचवतो आणि जिना अरुंद निघाला की त्याच्या शिव्या मी खातो. जजला हे नाव पडलं सिनेमामुळे. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण उघडायच्या आधी, तो आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमाचा निकाल द्यायचा. सिनेमा चांगला की वाईट, नट कसा, मारामारी किती, असलं काही विचारलंत तर तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. सिनेमातलं कोण बरोबर आणि कोण चूक, एवढंच तो सांगायचा. "त्या बाईने नवऱ्याला सोडलं ते योग्य केलं, पण पोरगी मागे ठेवली ती चूक." झालं, खटला संपला. मग सुतार आणि गादीवाला त्या न पाहिलेल्या सिनेमावरून भांडायला लागायचे, आणि जज शांतपणे जेवायचा.

गंमत अशी की जे सिनेमे तो बघायचा त्यातलं एक अक्षर त्याला कळत नसे. स्टेशनमागच्या थिएटरात रविवारी दुपारी परदेशी सिनेमे लागतात. जजची बायको, आमची वहिनी, लग्नाआधी एका मोठ्या ऑफिसात टेलिफोनवर होती, तिला ती भाषा येते. सिनेमा सुरू झाला की ती त्याच्या कानाला लागायची आणि पडद्यावर कोण काय बोलतंय ते हळू आवाजात सांगत राहायची. पुढच्या रांगेतली माणसं वळून डोळे वटारायची. यांना काही फरक पडत नसे. "एका कानात त्यांचा सिनेमा, एका कानात हिचा," असं जज मोठ्या अभिमानाने सांगायचा. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझी बायको दिवे गेले की घोरायला लागते.

या सगळ्या सिनेमांत एक त्याचा फार लाडका होता. एक म्हातारा मुलाच्या घरी राहत असतो. घर लहान, सून कावलेली. शेवटी तो बॅग भरतो आणि समुद्राकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी असलेल्या एका घरात राहायला जातो. तिथे बाकावर दुसऱ्या एका म्हाताऱ्याशेजारी बसून तो खदखदून हसतो आणि सिनेमा संपतो. "तो काय म्हणतो ठाऊक आहे?" जज आम्हाला सांगायचा. "म्हणतो, मी इथे आधीच यायला हवं होतं. मुलाच्या घरात माझा जीव कोंडत होता, आता मी माझा राजा." यावर जजचा निकाल ठरलेला असायचा, म्हातारा बरोबर आणि त्याला जाऊ देणारा मुलगाही बरोबर.

हा निकाल त्याने आम्हाला किती वेळा ऐकवला असेल! कारण त्यात त्याचं स्वतःचं प्रकरण होतं. त्याचे वडील जन्मभर एका हॉटेलात लिफ्टमन होते. जजची आई वारल्यावर ते याच्याकडे राहायला आले. दोन खोल्या, मध्ये पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे बाबांची खाट. तो सिनेमा बघायला हे दोघं बाबांनाही घेऊन गेले होते. त्यानंतर महिनाभरात बाबा स्वतःहून म्हणाले, की शहराबाहेर वृद्धांसाठी एक घर आहे, तिथे नाव घालून ये. जजने घातलं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. कुणी जरा तिरकं विचारलं, की वडिलांना तिकडे का ठेवलंस रे, तर जज चिडायचा नाही. तो सिनेमा सांगायचा.

यंदा त्या थिएटरवाल्यांनी जुने परदेशी सिनेमे आपल्या भाषेत करून पुन्हा लावायला सुरुवात केली. त्यात हा सिनेमा आला. जजला आनंदाचं भरतं आलं. "आता तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐका," म्हणत त्याने मला, सुताराला आणि गादीवाल्याला अक्षरशः ओढत नेलं. वहिनी आली नाही. आधी म्हणाली गुडघा दुखतोय, मग म्हणाली पाहिलेलं काय पुन्हा बघायचं, मग म्हणाली तुम्हीही जाऊ नका, उगाच दुपार फुकट. जज हसला. "तुझी आज सुट्टी," म्हणाला.

थिएटरात तो आमच्या मधोमध बसला. प्रत्येक प्रसंगाच्या आधी कोपराने ढोसायचा. "आता जेवणाच्या टेबलावर म्हातारा भडकतो बघ. म्हणतो, मला इथे कोंडून ठेवलंय." पडद्यावर जेवणाचं टेबल आलं. म्हातारा उभा राहिला, हात हलवून हलवून बोलायला लागला. म्हणाला, "मी कोपऱ्यात पडून राहीन. माझी खाट दाराबाहेर टाकलीत तरी चालेल. पण मला पाठवू नका."

"जज, साक्षीदार फिरला की रे तुझा!" सुतार म्हणाला आणि हसला. जजही हसला, पण अर्धाच. मग बॅग भरण्याचा प्रसंग आला. जजच्या सांगण्याप्रमाणे म्हातारा इथे सुनेला आशीर्वाद देतो. पडद्यावर मात्र तो तिला विचारत होता, की मी काय केलं तर तुला त्रास होणार नाही ते एकदा सांग. जजने ढोसणं थांबवलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण मला माणसाचं तोंड उतरताना बघवत नाही.

शेवटी तो बाक आला. समुद्र, दोन म्हातारे. आपला म्हातारा म्हणाला, "येत्या रविवारी माझा मुलगा मला न्यायला येतोय."

दुसरा म्हणाला, "माझाही."

"गेल्या रविवारीही येणार होता ना तुझा?"

"तुझाही येणार होता."

आणि दोघं खदखदून हसायला लागले. हसता हसता पहिल्याला खोकला लागला. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात फिरवला. सिनेमा संपला. थिएटरात कुणी हसलं नाही. गादीवाला नाक ओढत होता, आणि तो तर टीव्हीवरच्या मॅचला जांभया देणारा माणूस.

दिवे लागले तरी जज उठेना. "यांनी बदललाय," तो म्हणाला. "आपल्या भाषेत करताना बदलतात हे लोक. रडारड घातली की चालतो ना सिनेमा." मी म्हटलं, असेल बाबा. सुताराचं तोंड उघडायला लागलं होतं, त्याच्या पायावर मी पाय दिला. थिएटरवाले खोटे आणि बायको खरी, असं हा माणूस खुर्चीला धरून म्हणत होता. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. अरे, थिएटरवाल्यांचं तुझ्याशी काय वाकडं आहे?

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. जजने डबा उघडला नाही, निकालही दिला नाही. एका टेबलाला त्याने पॉलिशचे इतके हात मारले की शेवटी मालकाने फडकं हातातून काढून घेतलं. दुपारी माझ्या शेजारी टेम्पोत येऊन बसला आणि दार ओढून घेतलं.

"तिला विचारलं," तो म्हणाला.

"मग?"

"नाही म्हणाली नाही रे ती. मला वाटलं होतं भांडेल, माझ्यावर ओरडेल. भाजी चिरत होती, चिरत राहिली. म्हणाली, हो, बदललं मी. त्या दोन खोल्यांत माझा जीव जात होता. तुम्ही सिनेमातल्या बायकांना काय वाटतं ते दर रविवारी विचारायचात. मला कधी विचारलंत?"

वहिनीचा मला संताप आला होता, पण हा प्रश्न काही खोटा नव्हता.

"मी विचारलं, आणखी कुठले सिनेमे बदललेस? तर म्हणाली, एखाददुसरा. म्हटलं, कुठला? तर म्हणे, आता कुठे आठवतंय." जजचा आवाज फाटला. "इतकी वर्षं मी तुम्हाला काय सांगत होतो रे? कोण चूक, कोण बरोबर! एकाही सिनेमाचं आता मला खरं वाटत नाही. तिच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन मी ऐकत होतो. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी दोन दिल्याही असत्या. हिच्याशी काय करू?"

मी टेम्पो सुरू केला. कुठे जायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. मागे एक चपलांचं कपाट पोचवायचं होतं, ते तसंच राहिलं.

वृद्धांचं ते घर तसं स्वच्छ आहे. लांब व्हरांडा, ओळीने खोल्या, दर खोलीत दोन पलंग. बाबा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून शर्टाला बटण लावत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी सुई काळजीपूर्वक उशीला टोचली. "आज सोमवार," ते म्हणाले. "कारखाना बंद आहे का?"

"बाबा, चला घरी," जज म्हणाला. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, वहिनीने काय केलं, सिनेमात खरं काय होतं. "मला फसवलं तिने. तुम्हालाही फसवलं. तुम्ही तिच्या पलीकडच्या खुर्चीत होतात, तुम्हीही तेच ऐकलंत. म्हणून तर तुम्ही इथे आलात!"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. लिफ्टमध्ये लोकांचं ऐकायची सवय असावी.

"ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "मला तरी कुठे येते ती भाषा. ती सांगेल तेच खरं धरलं. पण तिच्यामुळे नाही आलो मी इथे. सुनेला मी नकोसा झालोय हे कळायला सिनेमा कशाला लागतो? दोन खोल्यांत सगळं ऐकू येतं. तिचं मला कधी वाईटही वाटलं नाही, तिचंही खरंच होतं."

"मग?"

"आपण बाहेर आलो. थिएटरच्या पायऱ्यांवर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, काय झकास म्हातारा होता! म्हाताऱ्यांनी असंच वेळेवर उठून जावं, दुसऱ्यावर सांगायची पाळी आणू नये."

जज माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिथे होतो आणि आता त्याच्या बाजूने काहीतरी बोलणार होतो.

"बाबा, मी सिनेमाबद्दल बोलत होतो."

"असशील," बाबा म्हणाले. "पण ते तू आपल्या भाषेत बोललास. ते कुणाला माझ्या कानात सांगावं लागलं नाही."

जज खाली वाकला. पलंगाखाली हात घालून त्याने बाबांच्या चपला शोधल्या, हाताने पुसल्या आणि जोडीने त्यांच्या पायापाशी ठेवल्या. बाबांनी पाय वर घेतले आणि पलंगावर मांडी घातली.