विंड टनेलसमोरचा कूलर

मंडळी, आज डोकं पार गरगरतंय.

मी इथल्या विद्यापीठात विंड टनेलची लॅब सांभाळते. हा बोगदा खोलीतली हवा ओढतो आणि आम्ही आतल्या मॉडेलवर वाऱ्याचा जोर मोजतो.

माझी विद्यार्थिनी ऋतुजा, तिचे आकडे अख्खा मे महिना गणिताशी जुळत नव्हते. आज दुपारी पाहिलं, तर कूलरचा झोत थेट बोगद्याच्या तोंडात!

"भाऊ, हा इथं काहून ठेवला?" मी आमच्या जुन्या टेक्निशियनवर चिडले.

"मशीन तापते ना, मॅडम. तुमच्या पीएचडीच्या उन्हाळ्यातबी इथंच होता."

कूलर बंद केला. ऋतुजाचे आकडे लगेच जुळले. ती नाचायचीच बाकी होती.

पण मग कूलर सुरू असताना माझे कसे जुळले होते?

माझा प्रबंध समोरच्याच कपाटात आहे. तुम्ही उघडला असता?