शेवटचे दोन मैल

गुरुदत्त मिराशींना माणसांचा मत्सर करायला कधी फुरसतच मिळाली नव्हती. एकतीस वर्षं ते माणसांना आणण्यात आणि सोडण्यात गुंतले होते. त्यामुळे पासष्टी जवळ आल्यावर त्यांना आयुष्यातला पहिला खराखुरा मत्सर वाटला, तो थेट एका आगगाडीचा.

तिचं नाव सिल्व्हर लाइन. ही वॉशिंग्टनची मेट्रो पूर्वी रेस्टनपाशी येऊन संपायची आणि मिराशींना त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात ती हर्नडन ओलांडून, डलस विमानतळाच्या दारात थांबून, पार त्यांच्या ॲशबर्नपर्यंत आली. उद्घाटन काही वर्षं लांबलं होतं, तेवढा काळ मिराशी तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, मसालेभाताच्या रांगेत उभे राहून सांगत होते, की ही गाडी काही आपल्या हयातीत येत नाही. ती आली तेव्हा मुद्दाम आपल्याला खोटं पाडायलाच आली, असं त्यांना वाटलं.

मंडळात ते सगळ्यांचे दत्ताकाका. नव्याने आलेल्या पोरापोरींचे आईवडील डलसला उतरणार आणि नेमकी त्याच वेळी मुलाला मीटिंग असणार, की फोन दत्ताकाकांना. विमान उतरायच्या दीड तास आधी ते हजर. कस्टम्समधून माणसं बाहेर येतात त्या दारासमोरचा डावीकडून तिसरा खांब ही त्यांची जागा. एका हातात आल्याच्या चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात लॅमिनेट केलेली पाटी, 'स्वागत'. बावीस तास प्रवास करून भेदरलेल्या किती काकूंनी ती पाटी वाचून डोळ्यांना पदर लावला होता, ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्यापुढच्या माणसालाही पाच मिनिटांत तोंडपाठ होत असे.

पण त्यांची खरी कायमची प्रवासी म्हणजे कांचन, त्यांची बायको. कांचन गावातल्या गावात गाडी चालवायची. हायवेवर मात्र नाही. शहाण्णव साली एका ट्रकने तिच्या कानाशी भोंगा वाजवला, ती पुढच्या एक्झिटला उतरली आणि पुन्हा कधी चढली नाही. तेव्हापासून घरात एक वाक्य रुजलं, "अहो, सोडता का?" त्यावर मिराशींचा सुस्कारा ठरलेला होता. आधी लांब श्वास, मग "सोडतो", आणि मग हातात असलेल्याच किल्ल्या घरभर शोधायच्या. आपण मोठं ओझं हसतमुखाने वाहतोय असं त्यांना वाटे. त्या एका वाक्यावरच आपण जगतोय, हे त्यांना ते बंद होईपर्यंत कळलं नाही.

ते बंद झालं मेट्रो आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात. आधी कांचन शेजारच्या उत्तराबरोबर नुसती बघायला म्हणून गेली. मग एका बुधवारी एकटी. मग दर बुधवारी. घरापासून स्टेशन दोन मैल, ते ती बूट घालून चालत जायची. कधी म्युझियम, कधी कॅपिटॉलच्या पायथ्याशी असलेलं बोटॅनिक गार्डन, कधी नुसतंच रेस्टनला उतरून कॉफी. परत यायची तेव्हा तिच्या गालांवर रंग असायचा आणि स्टेशनांची नावं ती माहेरच्या माणसांसारखी घ्यायची.

"अगं, मी नेलं असतं की," मिराशी एकदा म्हणाले.

"तुम्ही न्याल हो," कांचन बूट काढत म्हणाली, "पण पार्किंग शोधताना तुमचा चेहरा असा होतो, की पुढे मला फुलं बघवत नाहीत."

मात्र त्या दिवसापासून त्यांनी मेट्रोवर संशयी नवऱ्यासारखी पाळत ठेवली. फोनवर तिचं ॲप घेतलं. कुठे सिग्नल बिघडला, गाडी आठ मिनिटं लेट झाली, की जेवताना ते ही बातमी इतक्या दुःखाने सांगत, की वाढलेली भाजी संपून दुसऱ्यांदा घेतली जाई. कांचन म्हणे, "तुम्ही एकदा बसून तरी बघा ना." ते म्हणत, आपला गुडघा ऑपरेशनचा आहे, जिने झेपायचे नाहीत. स्टेशनला लिफ्ट आहे हे त्यांना ॲपवर दिसलं होतं, पण ते त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं.

एप्रिलमध्ये कांचनची धाकटी बहीण ज्ञानदा नागपूरहून येणार असं ठरलं. ही नागपुरात बर्डीच्या गर्दीतून स्कूटर काढणारी बाई. तीस वर्षं ती फोनवर ताईची फिरकी घेत आली होती, की तू अमेरिकेत राहतेस आणि साधी भाजी आणायलाही तुला भाऊजी लागतात. मिराशी तयारीला लागले. थर्मास घासला, पाटी पुसली. आणि आदल्या रात्री जेवताना कांचनने शांतपणे जाहीर केलं, की ज्ञानूला आणायला ती स्वतः मेट्रोने जाणार आहे.

"तुम्ही फक्त ॲशबर्न स्टेशनवर या. बॅगा असतील ना, तेवढं घरापर्यंत सोडा."

म्हणजे शेवटचे दोन मैल. एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, गावाच्या वेशीवर उभं राहून हमाली. पहिल्या अंकापासून ज्याने सगळं नाटक उभं केलं, त्याला शेवटच्या अंकात पडदा ओढायला सांगावं, तसं मिराशींना झालं. ते "बरं" म्हणाले आणि ताटातला वरणभात उगाचच दहा मिनिटं कालवत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला कांचन बूट घालून निघाली. मिराशी म्हणाले, आपण कॉस्कोला जाऊन येतो, पाहुण्यांच्या खोलीतली गादी दबली आहे, नवी आणायला हवी. ते बायकोशी कधी खोटं बोलत नसत. म्हणून ते खरोखर कॉस्कोला गेले, खरोखर गादी घेतली, गुंडाळी केलेली ती जाडजूड गादी कॅमरीच्या मागच्या सीटवर या दारापासून त्या दारापर्यंत कोंबली, आणि मग सत्याला जागून थेट विमानतळाकडे वळले. ज्ञानदाने बाहेर पाऊल टाकल्यावर आधी कोण दिसावं, हा एवढा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

कांचन आधीच कठड्याला टेकून उभी होती, सगळ्यात पुढे. मिराशी आपल्या तिसऱ्या खांबाआड फुगे घेऊन आलेल्या एका मोठ्या कुटुंबामागे दडले. बेत असा, की ज्ञानदा दिसली की पटकन पुढे सरायचं आणि जणू आत्ताच पोचलो असं दाखवायचं. पण दार उघडलं, ट्रॉली ढकलत ज्ञानदा आली, आणि मिराशींचा उजवा हात त्यांना न विचारता वर गेला. एकतीस वर्षांची सवय. फुग्यांच्या वर, सगळ्या गर्दीच्या वर, 'स्वागत'.

"भाऊजी!" ज्ञानदा लांबूनच ओरडली.

कांचन सावकाश मागे वळली. तिने आधी पाटीकडे पाहिलं, मग पाटीखालच्या नवऱ्याकडे.

"तुम्ही कॉस्कोला होतात ना?"

"वाटेत होतं."

"कॉस्कोच्या वाटेत विमानतळ?"

मिराशींनी उत्तरादाखल थर्मासचं झाकण उघडलं. ज्ञानदाने दोघांकडे एकेकदा बघितलं, ताईला घट्ट मिठी मारली आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. बॅगा भाऊजींच्या गाडीत, आणि ती स्वतः ताईबरोबर. पाच महिने ती ताईच्या तोंडून रोज या ट्रेनचं वर्णन ऐकत होती, आता बसल्याशिवाय घरी यायची नव्हती. चहा तरी बरोबर घे, असं मिराशी म्हणाले. तिने हात पुढे केला, तेवढ्यात कांचन म्हणाली, "नको हं ज्ञानू. मेट्रोत खायला-प्यायला चालत नाही." हे तिने इतक्या अधिकाराने सांगितलं, की मेट्रो तिच्या माहेरच्यांनीच काढली असावी. थर्मास मिराशींच्या हातात परत आला.

दोन मोठ्या बॅगांनी डिकी भरली. नायलॉनच्या दोरीने आवळलेलं, सांडगे-पापडांचं खोकं आणि केबिन बॅग गादीवर चढवावी लागली. एवढं सामान घेऊन, एकही माणूस न घेता मिराशी डलसहून निघाले. असं याआधी कधी झालं नव्हतं.

विमानतळापासून ॲशबर्नपर्यंत मेट्रोचे रूळ हायवेच्या अगदी मधोमध जातात. मिराशी टोल ओलांडून चार मिनिटं गेले असतील, तोच डाव्या अंगाला ती आली. चंदेरी, लांबलचक, पार्किंगची कसलीही चिंता नसलेली. तिच्या कुठल्यातरी खिडकीत दोघी बहिणी बसल्या असणार, आणि त्यांना बाहेर बघायचीही गरज पडत नसणार. मिराशींनी पाय दाबला. गादी मागे कण्हली. मधल्या स्टेशनात गाडीला थांबावंच लागलं आणि कॅमरी पुढे निघाली. ॲशबर्नच्या पिकअपच्या जागी ते चार मिनिटं आधी पोचले. तिथे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी आपण होऊन सांगितलं, की आपण ट्रेनच्या आधी आलो. त्याने त्यांचं अभिनंदन केलं.

मग दोघी उतरून आल्या. हसत. म्हणजे नुसत्या हसत नव्हे, कांचन कठड्याला धरून उभी राहिली होती आणि ज्ञानदा ओढणीने डोळे पुसत होती. काय झालं, असं मिराशींनी दोनदा विचारलं.

"जाऊ द्या भाऊजी, सांगण्यात मजा नाही," ज्ञानदा म्हणाली, आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या.

हे हसणं त्या गाडीत झालं होतं आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही, ही गोष्ट मिराशींना चार मिनिटांच्या विजयापेक्षा फार मोठी वाटली. त्यांनी रुबाबात गाडीचं पुढचं दार उघडलं. मग मागचं उघडलं. मागून गादीने बाहेर डोकं काढलं.

तिघंही तिच्याकडे बघत राहिले. गाडीत माणसं मावणार होती दोन.

"तुम्ही ज्ञानूला घेऊन जा," कांचन म्हणाली. "मी येते चालत. नेहमी येतेच की."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि मिराशींना नेमकं तेच लागलं. टोमणा असता तर त्यांनी परतवला असता. ज्ञानदा तर त्यांच्या हातात आली होती, हवी होती तशी, शेजारच्या सीटवर, थेट घराच्या दारापर्यंत. इतक्यात तिने सहज विचारलं, "ताई, तू नाही चालवत का ही गाडी?"

"गावात चालवते की," कांचन म्हणाली, जरा हळू आवाजात, नवऱ्याकडे न बघता.

मिराशींनी हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. या खेपेला त्या शोधाव्या लागल्या नाहीत. त्यांनी त्या कांचनच्या तळहातावर ठेवल्या, तरी बोटं जरा रेंगाळलीच, आणि म्हणाले की गुडघा आखडलाय, आपण जरा बाकावर बसतो, तू हिला सोडून ये. कांचनने सीट पुढे घेतली. आरसा खाली केला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा शेजारच्या सीटवरून ज्ञानदाचा हात काहीतरी सांगत हवेत फिरत होता, आणि चालवणारी मान मागे टाकून हसत होती.

मिराशी थर्मास घेऊन बसले. एक मेट्रो आली. माणसं उतरली, पांगली. दुसरी आली. येऊन-जाऊन दहा मिनिटांचं काम, त्याला अर्धा तास झाला. दोघी चहा घेत असतील. आपल्याशिवाय. कप कुठले काढले असतील, पाहुण्यांचे की रोजचे, यावर ते पाच मिनिटं तळमळले. फोन दोनदा हातात घेऊन ठेवला. एकतीस वर्षांत कांचन अशी किती दारांत, किती दुकानांच्या पायऱ्यांवर त्यांची वाट बघत उभी राहिली असेल, हा विचार आला, तो त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी चहा ओतला. तो गार झाला होता.

तिसरी गाडी आल्यावर त्यांनी फोन लावला.

"अगं," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "येतेस का न्यायला?"

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला, अगदी सावकाश, मुरलेला. तो त्यांनी लगेच ओळखला. त्यांचाच होता.

"येते," कांचन म्हणाली. "किल्ल्या कुठे गेल्या कोण जाणे."

आणि बोलता बोलता तिच्या हातात त्या किल्ल्या खुळखुळत होत्या.