चरावर टाकलेलं दार

मी घर सोडलं तेव्हा वडिलांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यातून वाहणारं रक्त माझ्या पँटमधून झिरपून टेम्पोच्या पत्र्यावर सांडत होतं. हातावर दही नाही, पाया पडणं नाही, वेशीपर्यंत पोचवायला कुणी नाही. टेम्पोचं फळकं लावता लावता आई एवढंच म्हणाली, "ह्यांना श्रीरामपूरला दवाखान्यात पोचव आन तिकडूनच फुडं पुण्याला जा. मागं फिरू नको." तिच्या आवाजात माया नव्हती. ती मला घाबरली होती.

झालं होतं ते असं. डांबरी रस्त्यावरून एक गाडीवाट आधी माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या रानातून यायची आणि पुढं आमच्या रानात शिरून आमच्या वस्तीवर संपायची. वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलं. आमचा ऊस तोडणीला आला आणि त्याच आठवड्यात अण्णांच्या सुरेशनं जेसीबी आणून बांधावर वाटेला आडवा चर खोदायला घेतला. दादा, म्हणजे माझे वडील, त्या चरात उतरून उभे राहिले. "आधी मला गाड, मग वाट गाड," म्हणाले. सुरेशनं पहार उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. हाड मोडल्याचा आवाज जेसीबीच्या धडधडीतसुद्धा मला ऐकू आला, अजून येतो.

मी घराकडं पळालो तो कोयत्यासाठी. आत शिरलो, कोयता हातात घेतला आणि मागं धाडकन दार लागलं. आईनं बाहेरून कडी घातली होती. मी त्या दारावर कोयत्याचे घाव घातले, लाथा मारल्या, शेवटी नुसत्या मुठी हाणल्या. बोटांची सालटी निघाली. दार सागाचं, आजोबांनी करून घेतलेलं, ते हललं नाही. बाहेरून आई दाराला पाठ लावून ओरडत होती, "एक गेला तर गेला, पन दुसरा फासावर न्हाई जाऊ द्यायची मी!" सुरेश निघून गेल्यावरच तिनं कडी काढली. मग शेजारच्या वस्तीवरच्या दोघांना हाका मारून आम्ही दादांना बाजेवर घातलं आणि परक्यांच्या उभ्या पिकातून, घास तुडवत, रस्त्यावर नेलं.

दादा वाचले. उजवा खांदा कायमचा निकामी झाला, एका कानानं ऐकू येईनासं झालं. केस झाली, साक्षीदार फिरले, संपली. मी पुण्यातून आईला सांगितलं, की घरी येईन तर त्याच वाटेनं, सरळ येईन. दुसऱ्याच्या रानातून चोरासारखा येणार नाही. सुरेश तो चर स्वतःच्या हातानं बुजवेपर्यंत येणार नाही. आई म्हणाली, "मग तू येतच न्हाई म्हन की."

आणि मी गेलोच नाही. आईदादांना भेटायला श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर यायचो, तिथल्या बाकावर बसून आईनं बांधून आणलेली भाकरी खायचो आणि परत फिरायचो. पुढं पुणं सुटलं, देशही सुटला. गावात राहिलेल्या मित्रांनो, तुम्हाला वाटलं, हा परदेशात गेला आणि माजला. माजलो नव्हतो. नुसता पेटलेलो होतो, आणि बर्लिनच्या थंडीत ते लपवणं सोपं जात होतं.

पोटापाण्याचा धंदा मात्र नेमका वाटांचा मिळाला. आमचं सॉफ्टवेअर पैसे पाठवायचं आहे. जगात कुठलीही दोन माणसं आपसात एक चॅनल उघडतात आणि त्यातून एकमेकांना पैसे पाठवतात. ज्याच्याशी तुमचं थेट चॅनल नाही, त्याला पैसे मधल्या चौघांच्या चॅनलांतून जातात. त्यासाठी प्रत्येक मशीनपाशी सगळ्या चॅनलांचा एक नकाशा असतो, त्याला आम्ही ग्राफ म्हणतो. कोण कुणाशी जोडलेला, कोण किती फी घेतो, कुणी आपली बाजू बंद केली. बरेच दिवस ज्या चॅनलची काहीच खबर येत नाही त्याला आम्ही झोम्बी ठरवतो आणि नकाशावरून पुसून टाकतो. हे सगळं आईला व्हिडिओ कॉलवर समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी तू वाटाड्याच की रं!" दादा शेजारी बसून हसले. घरची वाट सोडून बसलेला वाटाड्या.

गेल्या वर्षी या ग्राफचा डेटाबेस नव्यानं बांधायचं काम माझ्याकडं आलं. जुना कोड बघून डोकं फिरावं असा होता. नकाशा ठेवणं, वाट शोधणं, बातमी पसरवणं, सगळ्यांची मुळं एकमेकांत घुसलेली. मला असलं काम आवडतं. हात शिवशिवतात. मी फायलीच्या फायली उभ्या चिरल्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फंक्शनं उपटून फेकली. डिलीटच्या बटणावर बोट ठेवताना मला सुरेशचं तोंड दिसायचं, हे इथं सांगून टाकतो. सगळा डेटा जुन्या कप्प्यांतून काढून एसक्यूएलच्या स्वच्छ टेबलांत मांडला. एका चॅनलला एक ओळ, आणि त्या ओळीत एक रकाना: चालू की बंद.

चाचणीत सगळं कोसळलं. पैसे भलत्याच लांबच्या फेऱ्या मारू लागले, कित्येक ठिकाणी वाटच नाही म्हणून मशीन हात वर करू लागलं. माझी सहकारी मार्ता पोर्तुगालची आहे, तिनं तासाभरात दुखणं पकडलं. चॅनलला दोन दिशा असतात आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या दिशेचं आपण ठरवतात. एकानं आपली बाजू बंद केली तरी समोरच्याची चालू असू शकते, त्या बाजूनं पैसे येऊ शकतात. जुन्या कोडात दोघांचं वेगळं ठेवलेलं होतं. मी ते एक करून टाकलं होतं. एक बंद म्हणजे वाट मेली.

मीटिंगमध्ये मी तिच्याशी भांडलो. एकानं तोडली की वाट तुटलीच, दुसऱ्याच्या बाजूला काय चाटायचंय, असं मी इंग्रजीत बरंच वाईट शब्दांत म्हणालो. टेबलावर मूठ अशी आपटली की तिची कॉफी लॅपटॉपवर उडाली. मार्तानं कॉफी पुसली आणि शांतपणे विचारलं, "तू नक्की कुठल्या वाटेबद्दल बोलतोयस?"

मला दादा आठवले. चर पडल्यावर दोनेक वर्षांनी पाटाच्या कडेनं मुरमाचा रस्ता झाला आणि दादांनी आमच्या रानाच्या मागून तिकडं नवी वाट काढली. जुन्या वाटेची गरजच संपली. तरी ते दर वर्षी सुगी झाली की डाव्या हातात खुरपं घेऊन जुन्या वाटेवरच्या वेड्या बाभळी काढायचे, खड्ड्यांत मुरूम टाकायचे, थेट चराच्या काठापर्यंत. मी फोनवर चिडायचो. कुणासाठी करता हे? ते एवढंच म्हणायचे, "वाट त्यानं मोडली. आपली बाजू चालू हाय." मला वाटायचं, पहारीच्या घावानं म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडलाय.

मी डेटाबेसमधलं ते टेबल पुन्हा मांडायला बसलो. एका चॅनलला दोन ओळी, प्रत्येक बाजूची आपली. ते काम अर्ध्यावर असताना, दुपारच्या जेवणाच्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन तिच्या हातात उलटासुलटा होत होता आणि कुणीतरी गुरासारखं ओरडत होतं.

सुरेशचा हात कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेला होता. कोपरापर्यंत. डांबरी रस्त्याकडची मोरी, वाटेखालचा छोटा पूल, पाटाच्या पाण्यानं खचलेली, त्यांच्या बाजूनं गाडी निघायला जागा नव्हती. अण्णा चराच्या पलीकडच्या काठावर उभे राहून माझ्या वडिलांना हाका मारत होते, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, नावानं. मागं सुरेश मातीत पडलेला, हाताला धोतर गुंडाळलेलं आणि ते धोतर पूर्ण लाल झालेलं. तोच चर, तीच माती. माझ्या तोंडून शब्द निघाले, "राहू दे त्याला तिथंच. मरू दे." मला ते वाटलं होतं म्हणून मी म्हणालो. आजही खोटं बोलणार नाही.

आईनं ऐकलं. फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाली, "त्या दिशी कडी मी लावली हुती, भाईरून. आता तू आतून लावून बसलाय." आणि फोन तसाच चालू ठेवून कंबरेला खोचला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत दिसलं. आभाळ, आईचा पदर, दादांचे पाय. दादा घराकडं धावत गेले. चर ओलांडायला फळी नव्हती, म्हणून त्यांनी आणि आईनं घराचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं. तेच सागाचं दार, आतल्या बाजूनं माझ्या कोयत्याचे घाव असलेलं. दोघांनी ते फरफटत आणलं आणि चरावर आडवं टाकलं. अण्णांनी सुरेशला त्यावरून अलीकडं आणलं. दाराच्या लाकडावर रक्ताचा पट्टा उठला. आमच्या बाजूच्या साफ वाटेवरून दादांनी बोलावलेली जीप पाटाच्या रस्त्याला लागली आणि मग आईनं फोन बंद केला.

सुरेश जगला. हात कोपरातून काढावा लागला. माझं टेबल पूर्ण झालं, मार्तानं तपासलं, नकाशा नीट चालू लागला. मी तिकीट काढलं.

गावाला पोचलो तेव्हा मोरी दुरुस्त झाली होती. मी म्हणालो होतो त्याच वाटेनं निघालो, डांबरीवरून, अण्णांच्या रानातून. चराच्या जागी ताजी माती होती, पावलाखाली अजून दबत होती. अण्णांनी जेसीबी बोलावून तो बुजवला होता. शेजारी बांधावर दार पडलेलं. घराच्या चौकटीला आईनं चादर टांगली होती.

दादा बांधावर येऊन उभे होते, म्हणाले, "दार घरी न्यायचंय. माझा खांदा उचलत न्हाई. दोघं लागतील." आणि त्यांनी पलीकडं बघून हाक मारली, "सुरेश!"

तो आला. एक बाही मोकळी लोंबत होती. मी त्याच्या कानशिलाकडं बघत राहिलो, नेमक्या त्या जागेकडं. त्यानं खाली वाकून डाव्या हातानं दाराचं एक टोक धरलं. मी दुसरं धरलं. लाकडावर दोन डाग होते, एक जुना काळा, माझ्या मुठींचा, आणि एक त्याचा. दार जड होतं. एक धक्का दिला असता तर त्याला तोल सावरायला दुसरा हात नव्हता. हे त्यालाही कळत होतं. तरी तो माझ्याकडं तोंड करून, उलट्या पावलांनी चालत राहिला.

मी त्याला माफ केलेलं नाही. परदेशात गेलेल्या तुम्हा सगळ्यांना घर म्हणजे आईच्या हातचं जेवण वाटत असेल, तर तसं असू दे. माझं घर म्हणजे ते वजन, ज्याचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं आणि मी सोडलं नाही.

आई उंबऱ्यावर चादर बाजूला धरून उभी होती. आम्हा दोघांकडं बघून म्हणाली, "सावकाश. चौकटीला लागंल."