म्हैसूर, बन्नूर आणि कंसात टाकलेली गोष्ट

माझी मोठी बहीण फोनवर "मी बरी आहे" म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी ती स्वतःच्या गुडघ्यापासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांच्या तक्रारी सांगते. या खेपेला दोन महिने नुसतं "बरी आहे." मग एक दिवस तिच्या शेजारच्या गिरिजाक्कांचाच फोन आला. "अय्यो, तुमची ताई चर्चला जाते, पण ते ब्रेड देतात ना, ते घेत नाही म्हणते. उठून घरी येते. स्वल्प येऊन जावा की."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस देतात. ते प्रभुभोजन. ताईने ते ताप अंगावर काढूनही कधी चुकवलेलं नाही. आता तीच उठून निघून जाते म्हटल्यावर मला घरी बसवेना. मी पहिला रविवार साधून तिकीट काढलं आणि नवऱ्याला सांगितलं, फ्रीजमध्ये आमटी आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

पुण्याहून म्हैसूरला थेट गाडी रोज नसते. मी रात्रीच्या गाडीने बंगळूरला गेले आणि तिथे गाडी बदलली. तुम्ही जाणार असाल तर बंगळूरच्या पुढचा टप्पा दिवसाउजेडी करा आणि खिडकी पटकवा. नारळ, भात, ऊस, मधेच मोठाले खडक. मद्दूर आलं की डब्यात वडे येतात. चपटे, कुरकुरीत, भरपूर कांदा घातलेले. दोन घेतले तर फसाल, चार घ्या. काळजीने भूक मरते म्हणतात, माझी काही मेली नाही.

ताई इथे एका इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाली तरी माहेरी नगरकडे परतली नाही. दोन खोल्यांचं घर, दारात मोगरा, आत इस्पितळासारखी टापटीप. मला बघून "कशाला आलीस एवढ्या लांब?" म्हणाली आणि लगेच कॉफीचं आधण ठेवलं. म्हैसूरची फिल्टर कॉफी पिताना मी विषय काढायचा कसा याचा विचार करत होते, तर तिनेच टेबलावरचं नवं बायबल माझ्यापुढे सरकवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या लेकीने तिला पाठवलेलं, मोठ्या टायपातलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय उघडला होता.

"वाच," ताई म्हणाली. "चष्मा लावून वाच."

ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला लोक येशूपुढे आणतात, हिला दगडमार करायचा का म्हणून विचारतात. तो म्हणतो, ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. मग एकेक जण निघून जातो. या बायबलात त्या अख्ख्या गोष्टीला कंस होता, आणि खाली बारीक टीप, की सर्वांत जुन्या हस्तलिखित प्रतींमध्ये हा भाग नाही.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "मलाच कंसात टाकलं गं, छबू."

हे 'मलाच' कुठून आलं ते सांगायला हवं. ताई विशीची असताना नवऱ्याच्या मारापासून जीव वाचवून पळाली. पहाटे उसाच्या ट्रकमधून माहेरी आली. झालं! ट्रकवाल्याबरोबर पळाली म्हणून गावभर बोभाटा. मंडळीच्या पंचांनी तिला त्याच दिवशी देवळात, म्हणजे आमच्या गावच्या चर्चमध्ये, सगळ्यांपुढे उभं केलं. प्रभुभोजनातून तिचं नाव काढायचं ठरतच होतं, तेवढ्यात आमचे धर्मगुरू, पाळकबुवा, उठले आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली. पंच खाली माना घालून बाहेर गेले. पुढच्या रविवारी ताई प्रभुभोजनाला बसली. मग नर्सिंग शिकली, इकडे आली, ताठ मानेने जगली. सगळं त्या गोष्टीवर उभं होतं.

"आता ती गोष्टच प्रभूची नसेल," ताई म्हणाली, "तर मला आत घेतलं ते कुणाच्या अधिकाराने? पन्नासएक वर्षं मी फुकटच बसले का त्या मेजाला?"

"असं काही नसतं गं," मी म्हटलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी कॉफीत तोंड घातलं.

संध्याकाळी गिरिजाक्का आल्या. त्यांचे पूर्वज शिवणकाम करत म्हैसूरला आले, त्याला पिढ्या झाल्या. आता मुलाचं कापडाचं दुकान आहे. घरात विठ्ठल, बोलण्यात मराठी आणि कन्नड यांची खिचडी. येताना त्यांनी बिसिबेळे भाताचा डबा आणला होता. ताई आत गेल्यावर मी त्यांना हळूच सगळं सांगितलं.

"अय्यो, ती गोष्ट मला माहीत आहे की!" गिरिजाक्का म्हणाल्या. "माझी सून गेली तेव्हा तुमच्या ताईने सांगितली. मी सुम्ने, नुसती पडून होते, जेवत नव्हते. सगळे लोक गेले, मग येशू त्या बाईजवळ गेले. पहिलं काय विचारलं? 'जेवलीस का, बाई?' तेवढं ऐकलं आणि मी रडले बघा. मग जेवले."

मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच बसले. जेवलीस का? हे कुठे आहे? मी रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंय. पुस्तक ओढून घेतलं, कंसातली ओळ न् ओळ वाचली. तिथे असलं काही नव्हतं. ताई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"आहे ते तिथे," ताई म्हणाली. "पाळकबुवांनी सांगितलंय."

"ताई, नाहीये."

तिने स्वतः वाचलं. दोनदा. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे कंसातसुद्धा नाही." मला माझीच जीभ कापून ठेवावीशी वाटली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी तिला जबरदस्तीने बाहेर काढलं. देवराज मार्केट सकाळीच गाठा, म्हणजे मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, हारांचे ढीग ताजे मिळतात आणि अंगावर गर्दी येत नाही. रसबाळे केळी जरूर घ्या, पण खायच्या दिवशीच घ्या, टिकत नाहीत. राजवाडा मी बाहेरून बघितला. दोन उंच मनोऱ्यांच्या मोठ्या चर्चमध्ये गेलो, पण ताई शेवटच्या बाकावर बसली, अगदी दाराशी. मी तिथे मनातल्या मनात बरीच भांडले. कुणाशी ते विचारू नका.

बाहेर आल्यावर ताई आपणहून म्हणाली, "बन्नूरला सर राहतात. त्यांना विचारू." सर म्हणजे एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून निवृत्त झालेले बेळगावकडचे पाळक. आयुष्यभर नवा करार आणि त्याच्या जुन्या प्रती हाच त्यांचा विषय. बायकोच्या शेतावर येऊन राहिले आहेत.

बन्नूरला म्हैसूरहून पुष्कळ बस आहेत, तासाभराचा रस्ता. इथल्या सरकारी बसमध्ये कर्नाटकातल्या बायकांना आधार कार्ड दाखवून फुकट प्रवास. ताईने ऐटीत कार्ड दाखवलं, आणि मी महाराष्ट्राची म्हणून मला तिकीट! दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, मधे एक गुऱ्हाळ, त्याचा गोड धूर खिडकीतून आत. ताई बाहेरच बघत होती.

सरांनी आम्हांला ओसरीवर बसवलं, काकूंनी ताक दिलं. फोनवर मी सरांना सगळं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ताईने प्रस्तावना केली नाही. "सर, ती गोष्ट खरी की खोटी? हो किंवा नाही."

"योहानाच्या हातची? नाही," सर म्हणाले. "जुन्या प्रतींत ती नाही, आणि भाषाही त्याची वाटत नाही. नंतरच्या प्रतींत येते, तीही एका जागी नाही. काहींत इथे, काहींत पुस्तकाच्या शेवटी, काहींत चक्क लूकच्या शुभवर्तमानात."

"म्हणजे खोटी."

"थांबा हो, सिस्टर. उशिरा लिहिलेली आणि खोटी, यात फरक आहे. आधी लोक तोंडीच सांगत होते. लिहिणाऱ्यांनी सगळं लिहिलं नाही, योहान स्वतःच म्हणतो तसं. ही गोष्ट बाहेर फिरत राहिली, कुणाला ती सोडवेना, म्हणून जिथे जागा मिळाली तिथे बसवली. माझ्या मते ती प्रभूचीच. पण शपथेवर सांगता येणार नाही."

"असा रिपोर्ट देतात का?" ताई कडाडली. "नक्की नाही पण बहुतेक!"

"प्रामाणिक डॉक्टर असाच देतात," सर म्हणाले. त्यांना राग आला नाही. "त्या टिपेवर चिडू नका. जे संशयाचं आहे ते छापून सांगतात, म्हणून उरलेल्यावर विश्वास ठेवता येतो. मार्कच्या शेवटालाही तशीच टीप आहे. आणि तुम्ही ज्या मेजावरून उठून येता ना, त्याची हकिगत पौलाच्या पत्रात आहे. ते पत्र चारही शुभवर्तमानांच्या आधीचं."

"त्याला कंस नाही?"

"नाही."

ताईने ताक संपवलं. मग खालच्या आवाजात 'जेवलीस का' विचारलं. सर म्हणाले, "हे मी कुठल्याच प्रतीत वाचलेलं नाही. तुमच्या पाळकबुवांचं असणार. कीर्तन करायचे का ते?"

"करायचे. वीणा घेऊन."

"मग झालं तर. कीर्तनकार गोष्ट समोरच्या माणसाला बघून सांगतो. त्या दिवशी समोर कोण होतं?"

ताईने ताकाचा रिकामा पेला खाली ठेवला. काकूंनी जेवून जायचा आग्रह केला. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे शिजवलेले गोळे, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी. मुद्दा चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो. मी चावला, दाढेला चिकटला, काकू पोट धरून हसल्या. ताईही किंचित हसली.

परतीच्या बसमध्ये ताई अर्ध्या रस्त्यापर्यंत आधार कार्ड उलटसुलट करत होती. मग एकदम माझा दंड धरला. "छबू, मी उपाशी होते गं. पळाले तेव्हापासून अन्नाचा कण नव्हता पोटात. देवळात उभी होते तर पाय लटपटत होते. पाळकबुवा गोष्ट सांगताना माझ्याकडेच बघत होते. 'जेवलीस का, बाई?' म्हणाले आणि पाळकीणबाई तेवढ्यात उठून घरी गेल्या, पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मी देवळाच्या पायरीवर बसून खाल्लं." तिचे डोळे भरून आले होते. "ते त्या बाईला विचारतच नव्हते. मला विचारत होते."

मी तिचा हात घट्ट धरला. खरंच, दुसरं काय करणार? आणि मग ताई जवळजवळ ओरडलीच, "याईराची मुलगी!"

कंडक्टरने वळून बघितलं. ताईने त्याला कन्नडमध्ये काहीतरी सुनावलं आणि माझ्याकडे वळली. "मेलेली मुलगी प्रभूने उठवली. सगळे थक्क होऊन बघत उभे. आणि तो काय म्हणाला? हिला खायला द्या! मार्कात आहे. लूकमध्ये आहे. मी वॉर्डात पोरींना किती वेळा वाचून दाखवलंय. त्याला कुठे कंस नाही, छबू!"

"नाही," मी म्हटलं. रविवारच्या शाळेत तीस वर्षं घालवूनही मला ते सुचलं नव्हतं, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"पाळकबुवांनी मनाचं नाही घातलं," ताई म्हणाली. "प्रभूच्याच तोंडचं होतं. फक्त इकडचं तिकडे लावलं." मग नाक शिंकरून म्हणाली, "घरी भाजी काय करायची?" मी हसायलाच लागले. दोन महिन्यांनी माझी बहीण मला परत मिळाली होती.

रविवारी तिच्या चर्चमध्ये गेलो. उपासना कन्नडमध्ये, मला चार शब्द कळले असतील. प्रभुभोजनाची वेळ झाली तसं मी ताईकडेच बघायला लागले. ताई उठली. क्षणभर वाटलं, दाराकडे जाते की काय. ती पुढे गेली, गुडघे दुखतात तरी टेकले, हात पुढे केले. पाळकसाहेबांनी तिच्या तळहातावर तुकडा ठेवला. मी तिच्या शेजारी होते आणि मला इतकं रडू आलं की द्राक्षरस ठसक्यात गेला. ताईने तिथल्या तिथे माझ्या पाठीत धपाटा घातला. नर्स ती नर्सच.

बाहेर गिरिजाक्का स्कूटरवर मुलाच्या मागे बसून वाट बघत होत्या. "घेतलं?" त्यांनी विचारलं. ताईने मान डोलावली. "आयतु, झालं! चला," गिरिजाक्का म्हणाल्या. "घरी होळिगे केलीय, पुरणपोळी हो."

घरी येऊन आठवडा झाला. म्हैसूरपाक संपला, मोगरा वाळला, नवऱ्याने आमटी संपवली नव्हती ती मी ओतून दिली. लोक विचारतात, राजवाडा आतून बघितला नाहीस? नाही बघितला. पुढच्या खेपेला बघेन. मी हलकी होऊन आले, एवढं मला पुरे. आमचं पुस्तक माणसांनी नकललेलं, माणसांनी जपलेलं आहे. यापुढे कुठे टीप दिसली तर मला धडकी भरणार नाही.

काल ताईचा फोन आला. आधी गुडघा, मग सिलिंडर, मग शेजाऱ्यांचं कुत्रं. अगदी कान तृप्त झाले. शेवटी म्हणाली, "आणि त्या नव्या बायबलात मी पेन्सिलने लिहिलंय. आठव्या अध्यायात, सगळे निघून गेल्यावर. जेवलीस का, बाई."

"ताई! बायबलात भर घालतेस?"

"अगं, कंसातच घातलीय," ताई म्हणाली. "ते राहू दे. तू जेवलीस का?"